डाग खाली, उगम वर

साशंक : गाडीखाली तेलाचा डाग दिसला की मालकाला धास्ती वाटते आणि गॅरेजात गेल्यावर त्या धास्तीचे बिल होते. प्रत्यक्षात दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीच्या इंजिनाला कुठे ना कुठे ओल असणे ही सामान्य गोष्ट आहे. खानदेशात अशा गाड्या भरपूर आहेत. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पहिला पुढे जळगाव-भुसावळवरून विदर्भात उतरतो. या रस्त्यांवर माल आणि माणसे वाहून झिजलेल्या गाड्या मालक वर्षानुवर्षे सांभाळतात, कारण गाडी बदलणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा मालकाने डिपस्टिक पाहावी, कमी असेल तेवढे ऑईल टाकावे आणि कामाला लागावे. इंजिन खोलण्यातही धोका असतो. गंजलेला बोल्ट तुटतो, उष्णतेने ठिसूळ झालेली प्लास्टिकची क्लिप मोडते, कोरडा असलेला शेजारचा जोड धक्का लागून गळू लागतो. थोड्याशा गळतीपायी एवढी जोखीम घेण्याचे कारण काय?

आग्रही : ‘थोडीशी गळती’ हे मोजमापानंतरचे शब्द आहेत. आणि मोजमापाच्याही आधी, गळते ते इंजिन ऑईलच आहे का, हे ठरवावे लागते. मे महिन्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली पाणी साचते. ते एसीच्या नळीतून पडणारे स्वच्छ पाणी असते आणि ते पडायलाच हवे. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी रंगाचा, बोटाला किंचित चिकट आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. लालसर पातळ तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे असते. चाकाच्या आतल्या अंगाला उतरलेला, जवळजवळ रंगहीन किंवा पिवळसर द्रव ब्रेक ऑईल असू शकतो. तसा संशय आला तर गाडी जागची हलवू नये. गिअर ऑईल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑईल नवे असताना मधाच्या रंगाचे, वापरात तपकिरी होत जाणारे आणि डिझेल गाडीत थोड्याच दिवसांत काळे पडणारे. ओळख पटवण्याची रीत अगदी साधी आहे. रात्री सपाट जागी गाडी उभी करून इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवावा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने खुणावाव्यात. सकाळी रंग, दाटपणा, वास आणि थेंबाची जागा या चारही गोष्टी पुठ्ठ्यावर नोंदलेल्या असतात.

साशंक : ओळख पटली, तरी प्रमाणाचा प्रश्न उरतोच. डाग डोळ्यांना फसवतो. फरशीवर पसरलेला चमचाभर ऑईलचा डाग हातभर दिसतो आणि मालक घाबरतो. खरा हिशेब डिपस्टिक देते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले ऑईल खाली चेंबरात, इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरते. डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. अनेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेतले अंतर साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी भरते. हजार किलोमीटर चालून खूण तसूभरही हलली नसेल, तर तो डाग कितीही मोठा दिसो, इंजिनाला त्याची झळ लागलेली नाही. अशा वेळी पाना उचलणे म्हणजे दुखणे नसताना पोट फाडणे.

आग्रही : डिपस्टिकवरचा हा भर योग्यच आहे, फक्त तिचे वाचन एकट्याने पुरत नाही. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदांना एक थेंब पडतो असे धरू. ऑईलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान. ढोबळ मानाने पस्तीसेक थेंबांचा एक मिलिलिटर होतो. गाडी रोज दोन तास चालली तर 720 थेंब, म्हणजे सुमारे 20 मिलिलिटर. महिन्याला ते 600 मिलिलिटर झाले. लहान पेट्रोल गाडीत एकूण ऑईलच तीन लिटरच्या आसपास असते. सर्व्हिसिंगचे अंतर वर्षाचे किंवा दहा हजार किलोमीटरचे धरून मधल्या काळात बोनेटच न उघडणाऱ्या मालकाचे इंजिन या वेगाने दोन-तीन महिन्यांतच धोक्याच्या पातळीवर येते. डॅशबोर्डवर तेलाच्या चंबूचे चित्र असलेला लाल दिवा लागतो तो ऑईलचा दाब घटल्यावर. तोपर्यंत बेअरिंगांना झीज लागलेली असू शकते. म्हणून चालत्या गाडीत तो दिवा लागला तर पुढच्या गॅरेजापर्यंत जाण्याचा विचार न करता, कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करावे.

आणखी एक बाब वेगळी काढायला हवी. पातळी घटते म्हणजे गळतेच असे नाही. ऑईल जळूनही घटते. कन्नडचा घाट किंवा साक्री-नवापूर रस्त्यावरचा कोंडाईबारी घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरच्या जोरावर आलेल्या पेट्रोल गाडीने खाली पुन्हा वेग घेतला आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, तर व्हॉल्व्हची सिले कडक झाल्याचा संशय धरावा. उतारावर इंजिनात ओढ वाढते आणि ऑईल त्या सिलांतून आत खेचले जाते. तिथे बाहेरचे कितीही पॅकिंग बदलले तरी पातळी घटतच राहणार.

साशंक : ठीक. समजा पातळी घटते, धूर नाही आणि पुठ्ठ्यावर ऑईल आहे. पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. गाडी खड्ड्यावर घेतात, चेंबर ओले दिसते, चेंबरचे पॅकिंग बदलतात. पंधरा दिवसांनी डाग परत. मग क्रँकचे पुढचे सील, मग मागचे सील. प्रत्येक वेळी मजुरी वेगळी. निदान म्हणून जे सांगितले जाते ते बऱ्याचदा अंदाज असतो, आणि अंदाजाची किंमत मालक मोजतो. या अनुभवातून मालक शहाणा होतो आणि ऑईलचा डबा डिकीत ठेवून गाडी चालवतो. त्याला दोष कसा देणार?

आग्रही : दोष त्याला नाही. दोष डागालाच उगम मानण्याच्या सवयीला आहे. केळीच्या बागेत ठिबकची नळी फुटली तर पाणी कुठे दिसते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ओल दिसते उताराच्या टोकाला, आणि छिद्र सापडते चार झाडे वर, पाल्याखाली. तो ओल धरून मागे मागे जातो, पहिली ओली जागा शोधतो. इंजिनातही हीच रीत आहे. ऑईल वजनाने खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून पाझरलेले ऑईल हेडच्या पाठीवरून ब्लॉकवर येते, ब्लॉकवरून गिअरबॉक्सच्या जोडावर आणि तिथून चेंबरच्या कडेला थेंब धरते. खालून पाहणाऱ्याला चेंबर गळते असे वाटते. कुणाला मागचे सील गेले असे वाटते. म्हणून नियम असा, की सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. तिच्या खालचे आणि मागचे सगळे तूर्त निर्दोष मानावे.

काळ्या मातीची धूळ या शोधात मदत करते. जुन्या पाझरावर धूळ बसून जाड, कोरडा, नखाने खरवडता येईल असा काळा थर तयार होतो. ताज्या गळतीच्या वाटेवर तोच थर ओला, चमकदार असतो आणि थेंबाने धुतलेली एक अरुंद रेघ त्यातून खाली आलेली दिसते. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला की ती रेघ उठून दिसते. मात्र सगळे इंजिनच माखलेले असेल तर अंदाज करत बसू नये, आधी धुवावे. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि हवा आत घेणारे तोंड पॉलिथिनने झाकावे. डिग्रीझर लावून ब्रशने घासावे, कमी दाबाने धुवावे आणि हवेने कोरडे करावे. मग इंजिन गरम होऊन पंखा लागेपर्यंत चालवावे आणि पाहावे. एवढ्यात काही दिसले नाही तर संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर मारून दहा-वीस किलोमीटरची फेरी घ्यावी. पांढऱ्या पावडरीवर ऑईल आपली वाट स्वतःच रेखते. त्यानेही भागले नाही तर ऑईलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. अतिनील दिव्याखाली तो हिरवट-पिवळा उजळतो. हे पाहण्याचे काम संध्याकाळी किंवा अंधाऱ्या शेडमध्ये करावे.

साशंक : ही रीत शास्त्रशुद्ध आहे, पण तिला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे मागायला गॅरेजवाला कचरतो. मालक पार्टचे पैसे देतो. पाहण्याचे पैसे मागितले की त्याला फसवणूक वाटते. पाऊण तास धुऊन, वीस मिनिटे गाडी चालवून मिस्त्रीने ‘फक्त ड्रेन बोल्टचे वायसर बदला’ असे सांगितले, तर त्याच्या हाती काय पडले? वायसरची किंमत. उलट न पाहता गिअरबॉक्स उतरवला तर दोन दिवसांची मजुरी. व्यवस्थाच अशी आहे की चुकीचे निदान अधिक कमाई देते. ही अडचण पावडरने किंवा दिव्याने सुटत नाही.

आग्रही : ही अडचण खरी आहे आणि तिचा उपाय मालकाच्या हाती आहे. निदानाची मजुरी वेगळी विचारावी, वेगळी द्यावी आणि खोलण्याआधी ओली जागा डोळ्यांनी पाहावी. मोबाईलने तिचा फोटो काढून ठेवावा. डॉक्टरला तपासणीची फी देणारा माणूस मिस्त्रीला पाहण्याचे पैसे देताना का अडतो, याचा विचार व्हायला हवा. शिवाय जागा सापडणे हा निदानाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे कारण. गळतीची कारणे तीन घरांत बसतात : वय, दाब आणि हात. रबर म्हातारे झाले, इंजिनाच्या पोटातला दाब वाढला, किंवा मागच्या वेळी काम करणाऱ्याचा हात चुकला. जागा एकच असली तरी कारणाप्रमाणे दुरुस्ती बदलते.

साशंक : वयाचे कारण खानदेशात उन्हाच्या माथी मारले जाते. जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर जातो, म्हणून सिले लवकर जातात, असे सर्रास म्हटले जाते. पण इंजिनाच्या आतले तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. कूलंट नव्वद अंशांच्या आसपास राहतो आणि ऑईल घाटात किंवा भरधाव वेगात शंभराच्या वर जाते. जळगाव असो वा महाबळेश्वर. मग ऊन हे कारण की सबब?

आग्रही : धावत्या गाडीपुरती शंका रास्त आहे. फरक पडतो तो गाडी थांबल्यावर. इंजिन बंद झाले की पाणी फिरणे आणि वारा लागणे दोन्ही थांबते आणि बोनेटखालची उष्णता काही वेळ चढतच राहते. बाहेर 45 अंश असताना ती उतरायला फार वेळ लागतो. वर्षानुवर्षे असे भाजले गेलेले टॅपेट कव्हरचे पॅकिंग हातात घेऊन पाहावे. नवे असताना ते मऊ, वाकवले की पुन्हा सरळ होणारे, कापल्यास फुगीर कडेचे असते. जुने खाचेतून ओढले की आकड्यासारखे वाकलेलेच राहते, दाबलेली बाजू काचेसारखी सपाट आणि चकचकीत दिसते आणि वाकवताच कट्‌ आवाज करून तुटते. त्यात दाब धरण्याची लवचीकताच उरलेली नसते. अशा पॅकिंगचे बोल्ट आणखी आवळून गळती थांबत नाही. कव्हर मात्र वाकते.

रबराची जात हाही मुद्दा आहे. नायट्राईल रबर साधारण शंभर अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकते. फ्लोरोकार्बन रबर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, दोनशेच्या आसपासची उष्णता सोसते. मापाने तंतोतंत सारखी दोन सिले वेगवेगळ्या जातीची असू शकतात आणि रंगावरून ओळख पटत नाही. कंपनीने जी जात दिली तीच घ्यावी. त्यातली बचत काही रुपयांची, आणि चुकीचे सील पुन्हा बदलण्याची मजुरी हजारांची.

साशंक : वय समजले. दाबाचे कारण मात्र पुस्तकी वाटते. सामान्य गाडीच्या गळतीत त्याचा विचार किती मिस्त्री करतात?

आग्रही : फार थोडे करतात, आणि नवे पॅकिंग महिन्याभरात पुन्हा गळण्यामागे हेच कारण अनेकदा असते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरात उतरतो. जुन्या इंजिनांत तो ब्रीदरच्या नळीने उघड्यावर सोडला जाई. आजच्या गाड्यांत तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात ओढून जाळला जातो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने बंद झाली की वायूला वाट उरत नाही. तो सर्वांत कमजोर जोड शोधतो आणि ऑईल बाहेर ढकलतो. तपासणी दोन मिनिटांची आहे. पेट्रोल इंजिन चालू ठेवून ऑईल टाकायचे झाकण काढावे आणि तोंडावर पातळ कागद ठेवावा. कागद हलका आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो उडू लागला, किंवा तोंडातून भकभक धूर आला, तर आधी पीसीव्ही आणि ब्रीदरची नळी पाहावी. अनेक लहान गाड्यांतला हा व्हॉल्व्ह काढून हलवला की खुळखुळतो. खुळखुळला नाही तर तो चिकटला आहे. व्हॉल्व्ह ठीक असूनही धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. त्या इंजिनाला पॅकिंग बदलून बरे करता येणार नाही आणि हे मालकाला खर्चाआधी सांगितले पाहिजे.

साशंक : म्हणजे निदानाचा शेवट काही वेळा ‘दुरुस्ती करू नका’ असाही होतो. मग सुरुवातीच्या सल्ल्यात आणि यात अंतर ते किती?

आग्रही : अंतर माहितीचे. एकजण न पाहता सोडून देतो, दुसरा पाहून. ज्याने पाहिले त्याला आपली गळती किती, कुठली आणि पुढे काय होणार, हे ठाऊक असते. आता हाताच्या चुकांकडे वळू, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळण्याजोग्या गळत्या तिथे आहेत. ऑईल बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती बहुधा ड्रेन बोल्ट किंवा फिल्टरची असते. ड्रेन बोल्टखालचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर एकदाच दबण्यासाठी बनलेले असते. दरवेळी नवे घालावे. जुन्याच वायसरवर बोल्ट जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबराचे आटे जातात, आणि काही रुपयांच्या वायसरपायी लेथवाल्याकडे आटे भरून घ्यावे लागतात. फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रबरे एकावर एक बसली तर ऑईल धारेने बाहेर येते. नव्या रबराला ऑईलचे बोट लावावे, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि पुढे साधारण पाऊण फेरा हातानेच द्यावा. पाना लावायचा तो फक्त काढताना.

टॅपेट कव्हरचे काम अनेक गाड्यांत तास-दोन तासांचे. दोन्ही कडा जुन्या पॅकिंगपासून आणि ऑईलपासून पूर्ण स्वच्छ कराव्यात, पण पात्याने ॲल्युमिनियम खरवडू नये. स्पार्क प्लगच्या विहिरींची गोल रबरे त्याच वेळी बदलावीत, नाहीतर ऑईल प्लगवर उतरून मिसफायर होतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन टप्प्यांत आवळावेत. चाकाच्या नटाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो, तर टॅपेट कव्हरच्या बोल्टाला दहाच्या आसपास. चाक आवळणाऱ्या हाताने हा बोल्ट आवळला की कव्हर वाकते. म्हणून टॉर्क पाना वापरावा. ऑईल प्रेशरचा स्विच गळत असेल तर तो काही मिनिटांत बदलता येतो. न पाहिल्यामुळे त्याचे ऑईल खालच्या सिलांच्या नावावर जाते.

साशंक : सिलिकॉनचा उल्लेख राहिला. या भागात कोणत्याही जोडाला सिलिकॉनची ट्यूब हाच पहिला उपाय असतो, आणि अनेकदा तो चालतोही.

आग्रही : जिथे कंपनीनेच सिलिकॉन सांगितले आहे तिथे ते योग्य आहे : अनेक इंजिनांची चेंबरे, किंवा टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात ते कोपरे. तिथेही दोन-तीन मिलिमीटर जाडीची एकसंध रेघ पुरते. जास्त लावले की बोल्ट आवळताना ते आतही दाबले जाते. वाळलेले तुकडे सुटून चेंबरातल्या गाळणीत अडकतात, पंपाला ऑईल कमी मिळते आणि गळती थांबवण्याच्या नादात इंजिन बसते. शिवाय ते पूर्ण वाळायला सुमारे एक दिवस लागतो. अर्ध्या तासात ऑईल भरून गाडी हाती देणे म्हणजे पुढच्या गळतीची तयारी. बाहेरून जोडावर फासलेले सिलिकॉन तर ओल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे. तेलकट पृष्ठभागाला ते धरतच नाही.

साशंक : मग मागच्या सिलाकडे येऊ, कारण खर्चाचा खरा डोंगर तिथे आहे. क्रँकचे मागचे ऑईल सील किमतीने किरकोळ. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावे लागते. जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ही मजुरी ताडून पाहिली तर अनेकांना ती परवडत नाही. त्यांच्यासाठी दाट ऑईल किंवा गळती थांबवणारे औषध हे दोन मार्ग आहेत. ते अशास्त्रीय ठरवून मोडीत काढणे योग्य नाही.

आग्रही : आधी वरचा प्रत्येक उगम निर्दोष ठरवल्याशिवाय मागच्या सिलाचे नाव घेऊ नये, हा पहिला नियम. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या जोडाखाली ऑईल आहे, वरचे सगळे धुतल्यावरही कोरडे आहे आणि क्लच सरकू लागला आहे, अशी साक्ष जुळली तरच काम काढावे. काढलेच तर क्लच प्लेट झिजत आलेली असल्यास त्याच वेळी बदलावी, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. सिलाच्या ओठाआड बारीक स्प्रिंग असते. ओठाचे तोंड ऑईलच्या बाजूला ठेवावे, बसवण्यापूर्वी ओठाला ऑईल लावावे आणि ते हातोडीने एका बाजूला न ठोकता सर्व बाजूंनी सारखे दाबून बसवावे. क्रँकवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवे सीलही त्या चरीतून गळते. तिथे बाही घालावी लागते किंवा इंजिनाची रचना परवानगी देत असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवावे लागते.

औषधांविषयी. ती रबर फुगवतात. सील नुसते आकसले आणि कडक झाले असेल तर काही महिने दिलासा मिळतो. फाटलेला ओठ, वाकलेले कव्हर, चर पडलेला क्रँक यांवर त्यांचा इलाज नाही, आणि अतिवापराने चांगली सिलेही नको तेवढी मऊ होऊ शकतात. दाट ऑईल ही ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळातली सवय. त्या इंजिनांना 20डब्ल्यू-50 शोभत होते. 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 साठी बनवलेल्या इंजिनाच्या अरुंद वाटा, चेनचा ताण धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळे पातळ ऑईलवर चालते. तिथे दाट ऑईल भरले की थेंब मंदावतो आणि आतली झीज वाढते. कंपनीच्या पुस्तिकेत उष्ण हवामानासाठी दाट दर्जाची मुभा दिलेली असेल, तर तेवढ्या मर्यादेत तो बदल करावा.

साशंक : दिलासा काही महिन्यांचा असला तरी गरजवंताला काही महिनेही मोलाचे असतात. हंगाम निघतो, मुलांची फी भरली जाते, मग काम होते. दुरुस्तीचे शास्त्र हे मानत नसेल तर ते शास्त्र गॅरेजच्या दारातच थांबेल. म्हणून प्रश्न नेमका करून मांडतो : कोणती गळती लगेच थांबवलीच पाहिजे आणि कोणती सोबत घेऊन चालता येते?

आग्रही : तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, ऑईल कशावर पडते. तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर जळका वास आणि धूर येतो आणि आगीचा धोका असतो. ती गाडी दुरुस्तीआधी चालवू नये. टायमिंग बेल्टवर पडत असेल तर बेल्ट सुजतो, घसरतो आणि तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. क्लच, अल्टरनेटर, इंजिनाची रबरी माऊंटिंग हीही याच यादीत. दुसरी कसोटी, दर हजार किलोमीटरला किती घटते. तिसरी, ती घट वाढते आहे का. पडण्याची जागा निरुपद्रवी, घट किरकोळ आणि महिनोन्‌महिने तेवढीच असेल, तर ती गळती सांभाळता येते. पातळी आठवड्याला पाहण्याच्या अटीवर. दुरुस्ती केली असेल तर तिचीही परीक्षा तीनदा घ्यावी : पंखा लागेपर्यंत चालवून, शंभर किलोमीटरनंतर आणि हजार किलोमीटरनंतर. जागा आधी धुतलेली नसेल तर जुने ऑईल खाली उतरत राहते आणि चांगले कामही फसल्यासारखे दिसते.

साशंक : या कसोट्या मान्य. त्यांनी ‘ऑईल टाका आणि चालवा’ या सल्ल्याला मर्यादा पडली, हेही मान्य. पण मग सांभाळता येणारी गळती ही मालकाची खासगी बाब राहते, एवढे तरी मान्य व्हावे.

आग्रही : इथे मात्र एकमत होत नाही. निघालेले जळके ऑईल सेंट्रिंगच्या प्लेटांना, बैलगाडीच्या आसाला, दाराच्या बिजागऱ्यांना लागते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांत वापरलेले ऑईल घातक कचरा म्हणून नोंदलेले आहे. रस्त्यावर पडलेला थेंब पहिल्या पावसात नाल्याला मिळतो. नाला पांझरेला, गिरणेला, आणि त्या दोन्ही तापीला. तो थेंब तिथले पाणी पिणाऱ्यांच्या वाट्याला जातो आणि त्यांनी गाडीचा प्रवास केलेला नसतो.

साशंक : नियम गॅरेजच्या पिंपाला लागू होतो, रस्त्यावर टपकणाऱ्या गाडीला कोण अडवणार? आणि अडवले तर आधी अडेल तो ज्याला दुरुस्ती परवडत नाही. थेंबाची किंमत सगळ्यांनी मोजायची असेल, तर दुरुस्तीचा भार एकट्याने का सोसायचा? याचे उत्तर पान्यात नाही.

आग्रही : नाही. ते अजून कुणी दिलेले नाही, आणि ते मिळेपर्यंत भार मालकावरच राहतो. त्याने निदान स्वतःची गळती ओळखीची करून घ्यावी. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवावा, आठवड्यातून एकदा सकाळी थंड इंजिनाची डिपस्टिक पुसून पाहावी आणि पातळीसोबत तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावे. या तिन्ही कामांना मिळून पाच मिनिटे लागतात, आणि खोलण्याचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा, डागावरून नाही.